महागड्या भिंगाची वाट पाहताना
रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही. शेजारच्या खिडकीतील दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या, की अंतर साधते. १९६६ साली लायकाने अशा कॅमेऱ्यासाठी १.२ छिद्रमानाचे नॉक्टिलक्स भिंग काढले. हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. त्याचे दोन पृष्ठभाग हाताने घासावे लागत. म्हणून नग थोडे आणि किंमत भारी. २ छिद्रमानाच्या भिंगाहून ते सुमारे पावणेतीन पट प्रकाश घेते. मंद दिव्यात हा लाभ मोठा खरा. परंतु जुळणीत केसभर चूक झाली, तरी चेहरा पुसट होतो. अशा भिंगासाठी थांबणाऱ्याने आधी आपली जुनी छायाचित्रे पाहावीत. त्यांतली अंधारामुळे फसलेली थोडीच निघाली, तर हातातले भिंगच पुरेसे समजावे.