कारवीचे तीन बहर

१५ फेब्रुवारी २००४ च्या सकाळी मी मरीन ड्राइव्हच्या कठड्याला टेकून उभी होते. आता दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनचं ते पहिलं वर्ष. पुढचे धावपटू वाऱ्यासारखे निघून गेले, त्यांचे चेहरे आता आठवत नाहीत. आठवते ती त्यांच्या बऱ्याच मागून आलेली पन्नाशीची एक बाई. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून घट्ट बांधलेली, पायांत शाळेतल्या पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. तिला दम लागला होता, पण ती पळत होती. कठड्यावरच्या बायका तिला टाळ्या वाजवून पुढे पाठवत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, केस बांधले आणि घराबाहेर पडले.

बोरिवली पूर्वेला राहणाऱ्या माणसाला पळायला कुठे जायचं हा प्रश्न पडत नाही. हायवे ओलांडला की संजय गांधी नॅशनल पार्कचं (एसजीएनपी) गेट. नोकरी मात्र नरिमन पॉइंटला, म्हणजे लोकलने पाऊण-एक तास दक्षिणेला. त्यामुळे सकाळी जंगल आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी समुद्र असा शिरस्ता पडला. त्याला आता एकवीस वर्षं झाली. या काळात जंगलातली, दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी तीनदा फुलली: २००८, २०१६ आणि २०२४. मी माझी धाव त्याच हिशेबाने मोजते.

पहिला बहर

मी सुरुवात केली ते साल जंगलाच्या दृष्टीने वाईट होतं. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेने बिबट्यांचे हल्ले एकामागून एक झाले आणि अनेकांचे प्राण गेले. सोसायटीत रोज तोच विषय. माझ्या सासूबाई गेटपर्यंत सोबत यायच्या आणि मी परत येईपर्यंत तिथेच बसून राहायच्या. बिबट्या पकडा आणि लांब नेऊन सोडा, अशी मागणी तेव्हा सगळीकडे होती. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून दिसलं, की पकडून अनोळखी जागी सोडलेला बिबट्या तिथला संघर्ष वाढवतो. उघड्यावर कचरा पडला की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. कचरा उचला, अंधारात एकट्याने फिरू नका, पोरांना सांभाळा, ही साधी शिकवण त्यातून वस्त्यावस्त्यांत पोचली.

आम्ही सकाळची मंडळीही शिकलो. कानात गाणी घालायची नाहीत. उजाडल्याशिवाय एकट्याने आत शिरायचं नाही. चितळाचा कर्कश इशारा ऐकू आला की थांबायचं आणि घोळक्याने मागे फिरायचं. ठरलेल्या हद्दीपुढे पाऊल टाकायचं नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल आहे. त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे शहराला पाणी देणारे तलाव आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरली गेलेली कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, वारल्यांचे पाडे आहेत. तिथे आपण पाहुणे आहोत, हे पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडलं.

रस्ता दहिसर नदीच्या सोबतीने जातो. उन्हाळ्यात नदी नुसते गोटे दाखवते. जुलैत तिचा आवाज आधी येतो आणि ती नंतर दिसते. पावसात पायाखाली शेवाळ असतं, म्हणून पावलं आखूड टाकावी लागतात. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस फुलतात, मे महिन्यात गेटाबाहेर पाड्यावरच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात.

२००८ च्या पावसाळ्याअखेरीस कान्हेरीच्या वरच्या उतारावर मी पहिल्यांदा कारवीचा बहर पाहिला. एरवी तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. खरखरीत पानांच्या ताठ काठ्या, त्याच काठ्यांच्या कुडाला शेणमाती लिंपून वारली घराच्या भिंती उभ्या करतात. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो. फुलाजवळ नाक नेलं तर उग्र वास येतो, बोटांना चिकट लागतं आणि मधमाशांचा आवाज इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मग झाड वाळून मरतं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला वाळलेली बोंडं ओल लागून फुटतात. उतारावर तडतड आवाज होत राहतो, आणि ती पुढच्या पिढीची पेरणी असते.

दुसरा बहर

समुद्राकडच्या वाटेने मला वेगळं शिकवलं. ऑफिसच्या खणात बुटांचा एक जोड कायम असे. सहा वाजता बाहेर पडायचं आणि नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन परत यायचं. डाव्या हाताला टेट्रापॉड आणि पाणी, उजव्या हाताला १९३० आणि ४० च्या दशकांतल्या गोलसर गच्च्यांच्या इमारती. त्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. पावसाळ्यात पेपरातली भरतीची वेळ पाहिल्याशिवाय मी निघत नसे. साडेचार मीटरच्या वरची भरती असली, की लाट कठडा ओलांडून थेट फुटपाथवर येते.

या काळात पळणारे वाढले. २००९ च्या जूनमध्ये वांद्रे-वरळी सी लिंक सुरू झाला आणि पुढच्याच जानेवारीत मॅरेथॉन त्यावरून गेली. एरवी ज्या पुलावर पायी जायला बंदी, त्यावर वर्षातून एका सकाळी हजारो पावलं पडू लागली. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं याच शर्यतीत भारतीय महिलांमध्ये पहिली आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. आमच्या चौपाटीच्या गटात तेव्हा पाच-सहा बायका होत्या. ललिताचं नाव घेऊन त्यांच्या घरच्यांची समजूत घालता येई. पंजाबी ड्रेस जाऊन ट्रॅक पँट आली, कॅनव्हासचे बूट गेले. कुणी वळून बघेनासं झालं, हा मला सगळ्यांत मोठा बदल वाटतो.

याच वर्षांत मी शहरातल्या इतर वाटाही पायाखाली घातल्या, आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. वांद्र्याचा जॉगर्स पार्क १९९० मध्ये झाला, तो हॉकी प्रशिक्षक ऑलिव्हर अँड्रेड यांच्या ध्यासातून. त्याआधी त्या जागी कचरा पडायचा. माहीमचं निसर्ग उद्यान तर कचराभूमीवर माती टाकून, रोपं जगवून उभं राहिलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क आणि त्यातला समुद्राकाठचा धावमार्ग तिथल्या नागरिकांच्या मंचाने लावून धरला, म्हणून झाला. दादरचा शिवाजी पार्क १९२५ पासून मोकळा राहिला आहे. त्याच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते आणि अनेकांनी आयुष्यातला पहिला किलोमीटर तिथेच मोजला आहे. या सगळ्या जागांवर इमारती उभ्या राहू शकल्या असत्या. त्या राहिल्या नाहीत, कारण कुणीतरी वेळीच उभं राहिलं.

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले. ‘राणीचा हार’ म्हणवणाऱ्या त्या दिव्यांच्या रांगेचा रंगच गेला म्हणून लोक इतके हळहळले, की पुढे पुन्हा पिवळसर उजेड आणावा लागला. दिव्याच्या रंगाएवढ्या गोष्टीवरही शहर बोललं, तर ऐकलं जातं. २०१६ ला कारवी पुन्हा फुलली तेव्हा मी मुलीला घेऊन गेले. ती आठ वर्षांची होती, म्हणजे बरोबर एका बहराएवढी.

मधली वर्षं

नंतरची वर्षं पायाखालची वाट हलवणारी होती. २०१८ मध्ये किनारी रस्त्याचं काम सुरू झालं आणि वरळी सी फेसचा समुद्र पत्र्यांच्या आड गेला. वर्षानुवर्षं लाटा बघत पळणाऱ्यांच्या समोर क्रेन आणि डंपर आले. समुद्रात १११ हेक्टर भराव पडला. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी या रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं, कारण ६० मीटरच्या फटीतून उधाणात होड्या नेणं जिवावरचं होतं. बराच काळ काम अडवून धरल्यावर ते १२० मीटर झालं.

आणि आरे. गोरेगावच्या त्या रस्त्यांवर रविवारी लांबची धाव घेणारे कितीतरी गट असत, कारण मुंबईत दहा किलोमीटर सावलीत पळता येईल अशी दुसरी जागा जवळपास नाही. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तिथे झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. पुढे आरेची सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. कारशेडही तिथेच झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आरेपासून मेट्रो धावू लागली. मीही त्या मेट्रोने जाते, ती शहराला हवी होती. पण त्या रविवारी आरेच्या वळणावर उभं राहून घेतलेला ताज्या कापलेल्या लाकडाचा वास विसरता येत नाही.

मग २०२० आलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. उद्यानाचं गेट बंद, लोकल बंद. मी इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांना वळसे घालत पळायचे. राज्य सरकारने ३ जूनपासून सकाळी पाच ते संध्याकाळी सात या वेळेत बाहेर व्यायामाला परवानगी दिली, आणि नेमकं त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं. वादळ ओसरल्यावर शनिवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर इतकी माणसं उतरली, की त्याची बातमी झाली. गर्दी धोक्याचीच होती. तरी फोटो बघताना मला त्यांचा राग आला नाही. अडीच महिने खोल्यांत कोंडलेलं शहर दार उघडताच कुठे धावलं, तर पाण्याकडे. बाग, चौपाटी, कट्टा या गोष्टी चैनीच्या नाहीत, हे इतकं लख्ख आधी कधी दिसलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने नॅशनल पार्कमधली झाडं उन्मळून टाकली, तिथल्या ‘वनराणी’ या छोट्या रेल्वेच्या रुळांचीही मोडतोड झाली. मी पुन्हा पळायला गेले तेव्हा ओळखीची सावली दोन-तीन ठिकाणी फाटलेली होती आणि तिथे थेट ऊन रस्त्यावर पडत होतं.

तिसरा बहर

२०२४ च्या मार्चमध्ये किनारी रस्त्यावरून गाड्या सुरू झाल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात कारवी फुलली. या खेपेस मुलगी पुढे आणि मी मागे अशी चढण चढलो. त्याच्या दोनच महिने आधी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं होतं. सुमारे १२ किलोमीटरच्या या प्रकल्पातला बोगदा याच जंगलाच्या पोटाखालून जाणार आहे. वर झाडांना धक्का लागणार नाही असं सांगितलं जातं. ते खरं ठरावं, आणि ते खरं ठरतंय का हे बघणारे डोळे तिथे रोज सकाळी असावेत.

१५ ऑगस्ट २०२५ ला किनारी रस्त्यालगतच्या पायवाटेचा मोठा टप्पा लोकांसाठी उघडला. त्याच महिन्यात एका सकाळी मी वरळीपासून हाजी अलीच्या दिशेने निघाले. भुयारी मार्गाच्या पायऱ्या चढून वर आले आणि वारा थेट तोंडावर आला. रुंद, सलग वाट, मध्ये सिग्नल नाही, खड्डा नाही. जिथे पूर्वी खोल पाणी होतं तिथून दर्गा दिसत होता. पुढे एक आजोबा नातवाचं बोट धरून चालले होते. आठच्या पुढे मात्र पळवेना. सावली नाही. बांबूला बांधलेली रोपं माझ्या खांद्याएवढीसुद्धा नव्हती. भराव टाकून मिळवलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० हेक्टर हिरवी आणि मोकळी राहील, असं वचन शहराला दिलेलं आहे. ते पाळलं गेलं, तर दहा वर्षांनी ही मुंबईतली सर्वांत सुंदर धाव असेल. त्या जागेवर दुसरं काही उगवलं, तर कोळ्यांनी सोडलेलं पाणी आणि वरळीकरांनी सोसलेली वर्षं वाया गेली असं म्हणावं लागेल.

एकवीस वर्षांनंतर माझं मत साधं आहे. पळण्याच्या वाटेला फार काही लागत नाही. ती तुटू नये, तिकिटाविना खुली असावी, तिच्यावर सावली असावी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पहाटे पुरेसा उजेड असावा. पण यातलं काहीही आपोआप टिकत नाही. म्हणून वाचकांना एवढंच सांगणं, की तुमच्या गावातली टेकडी, नदीकाठ, तळ्याचा बांध, जिथे तुम्ही सकाळी जाता ती जागा तुमचीच आहे असं समजा. तिच्याबद्दल जाहीर सूचना निघाली तर वाचा, हरकती आणि सूचना मागवल्या तर मुदतीत लिहून द्या, लावलेल्या झाडांतली किती जगली ते मोजा. आरे आणि वरळीने शिकवलं आहे, की बोलायला उशीर झाला तर अर्धंच वाचतं.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला कान्हेरीच्या उतारावर बोंडं फुटली. बी जमिनीत पडलं आहे. कारवीचा पुढचा बहर २०३२ च्या सुमारास येईल.