लग्नखर्चाचा हिशेब (भाग ५) : पैसे प्लॅनरकडे, पावती कुणाच्या नावावर?

मंगल कार्यालयाचा करार कसा वाचायचा, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. कार्यालयाशी तुम्ही स्वतः बोलताय, असं त्या लेखात गृहीत धरलं होतं. शहरांतून आता तसं राहिलेलं नाही. मुलगी बेंगळुरूला, मुलगा अमेरिकेत, आईवडील साताऱ्यात आणि लग्न लोणावळ्याला नाहीतर गोव्यात. अशा घरांना वेडिंग प्लॅनर लागतोच. कार्यालय, केटरर, डेकोरेशन, फोटोग्राफर, पाहुण्यांच्या खोल्या, सगळं त्याच्यावर सोपवलं जातं. नेकीने काम करणारे प्लॅनर पुष्कळ आहेत आणि त्यांची धावपळ पाहिली की फी रास्त वाटते. पण या व्यवस्थेत तुमचे पैसे आधी प्लॅनरच्या खात्यात जातात आणि पुढे कुणाला, किती, कधी द्यायचे ते तो ठरवतो. फसवणूक होते ती या मधल्या टप्प्यावर.

ती कशी होते, हे नीट समजून घ्यायला हवं. प्लॅनर सगळ्या कामांचा मिळून एक आकडा सांगतो आणि त्यातला मोठा भाग आगाऊ घेतो. कार्यालयाला मात्र तारीख धरून ठेवण्यापुरती थोडी रक्कम देतो, कधी तीही देत नाही. तुमच्या पैशातून तो आधीच्या लग्नातल्या केटररची थकबाकी भागवतो आणि तुमच्या लग्नाचा खर्च पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून करू, असा हिशेब मांडतो. नवी बुकिंग येत असेपर्यंत कुणाला काही कळत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले, एकाच तिथीला चार-चार लग्नं आली आणि सगळ्यांनी एकदम उरलेले पैसे मागितले, की हे कोसळतं. हळदीच्या आदल्या दिवशी केटररचा फोन येतो : “आमच्याकडे अजून काहीच जमा नाही.” पाहुणे निघालेले असतात. घरचे लोक दागिने गहाण ठेवून, उसनवारी करून दुसऱ्यांदा पैसे भरतात. ते भरतीलच, हे त्या प्लॅनरला पक्कं ठाऊक असतं.

यावरचा उपाय साधा आहे आणि माझ्या मते बाकी सगळ्या खबरदारीपेक्षा मोलाचा आहे. प्लॅनरला त्याची फी द्या. कार्यालय, केटरर, डेकोरेटर यांचे पैसे ज्याचे त्याच्या खात्यात थेट भरा आणि पावती स्वतःच्या नावावर घ्या. एकच रक्कम हवी असा प्लॅनरचा आग्रह असेल, तर पहिला हप्ता दिल्यावर दोन-तीन दिवसांत कार्यालयाला स्वतः फोन करा. त्याने दिलेल्या नंबरवर नको, तुम्ही शोधलेल्या नंबरवर करा. तारीख कुणाच्या नावावर धरली आहे, किती रक्कम जमा झाली आणि बाकी कधीपर्यंत भरायची आहे, एवढं विचारा. या चौकशीचा चांगल्या प्लॅनरला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून पैसे परत मागायला तेव्हा अजून वेळ असतो.

बिलावर जीएसटी लावला असेल, तर पंधरा अक्षरांचा नोंदणी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. व्यवसाय कुणाच्या नावावर आहे आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते तिथे कळतं. छोट्या उलाढालीच्या व्यावसायिकाला नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे क्रमांक नसणं हा गुन्हा नव्हे. क्रमांक नसताना जीएसटी वसूल करणं मात्र बेकायदा आहे. करारावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच असायला हवं. इन्स्टाग्रामवरचे फोटो पुरावा म्हणून धरू नका, ते कुणाच्याही लग्नाचे असू शकतात.

“रोख द्या, टॅक्स वाचेल” या बोलण्याला भुलू नका. एकाच समारंभापोटी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई केली आहे. हप्ते पाडले तरी समारंभ एकच धरला जातो, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय रोख दिल्याचा पुरावा उरत नाही.

तरीही फसवणूक झालीच, तर पोलीस ठाण्यात बहुतेकदा पहिलं उत्तर मिळतं, “हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.” काम नुसतं वाईट झालं असेल, तर ते बरोबरही आहे. फुलं ठरल्यापेक्षा कमी लावली, हा गुन्हा होत नाही. पण सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू होता असं दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. विशिष्ट कामासाठी सोपवलेले पैसे बेइमानीने दुसरीकडे वळवले, तर कलम ३१६ आहे. म्हणून हेतू दाखवणारे कागद जमवा : कार्यालयाची खोटी पावती, आपल्याकडे बुकिंगच नव्हतं असं कार्यालयाचं लेखी उत्तर, बँकेचा उतारा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं. चॅट पुसू नका आणि फोन बदलू नका. त्याच प्लॅनरने फसवलेली आणखी कुटुंबं सापडली, तर प्रत्येकाने आपली तक्रार द्या. एकच पद्धत पुन्हा पुन्हा दिसली की हेतू लपत नाही. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ऑनलाइन पैसे भरताच माणूस गायब झाला असेल, तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. तिथे जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

पैसे परत मिळवायचे असतील, तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा आयोगात जा. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लग्न गोव्यात झालं म्हणून गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही. “ॲडव्हान्स परत मिळणार नाही” असं करारात छापलेलं असलं, तरी प्लॅनरने स्वतःच काम केलं नसेल तर त्या ओळीचा त्याला आधार मिळत नाही.

एवढं असूनही बहुतेक घरं गप्प राहतात. कार्य पार पडलं, आता गालबोट कशाला, नव्या सोयऱ्यांसमोर आपली शोभा कशाला, असं म्हणून कागद कपाटात जातात. त्या घराचं दुःख मला समजतं, पण त्या मौनावरच पुढच्या मुहूर्ताचं दुकान उघडतं. तुमच्या घरी असं झालं असेल, तर ते कागद बाहेर काढा. ग्राहक आयोगात जायची मुदत फसवणूक घडल्यापासून दोन वर्षांची आहे.