वाशीमची माती, खाडीचा चिखल

पोट्टेहो, सरकून बसा, आज समुद्राची गोष्ट सांगतो. वाशीमला कुठला आला समुद्र, असं म्हणू नका. आपण समुद्रसपाटीपासून 550 मीटरच्या आसपास उंच पठारावर राहतो, आणि उंचावर पडलेलं पाणी खाली जाणारच. आपल्या जिल्ह्याचं नवल असं की इथलं पाणी दोन दिशांना जातं आणि दोन वेगळ्या समुद्रांना मिळतं.

अजिंठ्याच्या डोंगरांचे पूर्वेकडचे फाटे आपल्या जिल्ह्यातून जातात. पावसाची सर माथ्यावर आली की उत्तरेच्या उतारावरचं पाणी काटेपूर्णेत उतरतं. काटेपूर्णा अकोल्याकडे जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी मात्र पैनगंगेचं. ते बंगालच्या उपसागराला जातं. एकाच ढगातून शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, पण देशाच्या दोन टोकांना पोचतात.

तापी जिथे उतरते तिथे खंबातचं आखात सुरू होतं. ते आत शिरता शिरता अरुंद होत जातं, म्हणून भरतीचं पाणी कोंडतं आणि वर चढतं. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरहून जास्त असतो. इंग्लंडात सेव्हर्न नदीच्या मुखाशीही असंच होतं. तिथे हा फरक 14 मीटरपर्यंत जातो, आणि मोठ्या भरतीला एक लाटच्या लाट नदीच्या प्रवाहाविरुद्ध आत चालून येते.

पण मला तुम्हाला न्यायचंय पैनगंगेबरोबर, कारण वाट लांब आहे आणि शेवटी जे दिसतं ते फार सुंदर आहे. पैनगंगा बुलडाण्यात उगम पावते, आपल्या जिल्ह्यातून पुढे जाते, सहस्रकुंडाला उडी घेते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत जाते. मग भद्राचलम, पापीकोंडलूच्या डोंगरांतली अरुंद वाट, राजमहेंद्री. त्याच्या थोडं खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बंधारा बांधला, 1852 साली तो पुरा झाला; आता त्याच्या जागी नवा बंधारा आहे. तिथून गोदावरीचे फाटे होतात. त्यातला गौतमी फाटा यानमवरून समुद्राकडे जातो. यानम म्हणजे आंध्राने वेढलेला पुदुच्चेरीचा तुकडा. 1954 पर्यंत तिथे फ्रेंचांचं राज्य होतं.

यानम आणि काकीनाडा यांच्यामध्ये आहे कोरिंगा. पूर्वी हे मोठं बंदर होतं, इथे जहाजं बांधली जात. 1839 च्या चक्रीवादळात ते उद्ध्वस्त झालं, आणि नदीच्या गाळाने खाडी उथळ करून टाकली. हा गाळ कुठला, सांगा बरं?

बरोबर, त्यात आपलाही वाटा आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थिजला, झिजला आणि त्याची काळी माती झाली. तुम्ही पावसात शेतात जाता तेव्हा पायाला जे किलोभर चिकटून येतं, तेच. या मातीचे कण इतके बारीक असतात की वाहत्या पाण्यात तळाला बसतच नाहीत, शेकडो कोस तरंगत जातात. प्रत्येक कणावर किंचित ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर लोटतात. खाडीत खारं पाणी भेटलं की मिठातले धनभारित कण तो भार मारून टाकतात. मग मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवते ना, तिथेही हेच होतं. शेतातून निघालेली माती इतका प्रवास करून समुद्राच्या दारातच चिखल होऊन बसते. या चिखलावर सगळी खाडी जगते.

आता भरतीचं पाहा. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले, म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला, दोघांची ओढ मिळून मोठी भरती येते. कोकणात तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती मंद. आपण पोळ्याला बैलांना बाशिंग बांधतो, ती श्रावणातली अमावास्या. त्या सुमारास कोरिंग्याच्या खाडीत उधाण असतं, आणि वरून गोदावरीचा पूर आलेला असतो. एका बाजूने खारं पाणी आत रेटतं, दुसरीकडून गोडं पाणी बाहेर रेटतं. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं. खारं जड, ते खालून घुसतं.

अशा जागी झाड कसं जगणार? मुळांना हवा मिळत नाही, चिखलात प्राणवायूच नसतो. तिथल्या तिवराच्या झाडाने उपाय काढलाय. त्याची मुळं चिखलातून वर बोटं काढतात आणि ओहोटीला हवा घेतात. जास्तीचं मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. पान चाटून पाहा, खारट लागेल. कांदळ नावाच्या दुसऱ्या झाडाची तर कमाल आहे. त्याचं बी झाडावर असतानाच उगवतं, शेंगेसारखं लांब लोंबतं आणि मग गळतं. ओहोटी असेल तर चिखलात रुतून तिथेच रुजतं, भरती असेल तर तरंगत दुसरं गाव शोधतं.

निवटी नावाचा मासा ओहोटीला चिखलावर उड्या मारत फिरतो. डोळे डोक्यावर, आणि ओल्या कातडीतून श्वास. पाणमांजरं टोळीने मासे पकडतात. रात्री काठावर बसते मासेमार मांजर. हिच्या पंजांच्या बोटांमध्ये थोडं कातडं असतं, आणि मासा दिसला की ती बेधडक पाण्यात उडी घेते. हिवाळ्यात चिखलावर पाणपक्ष्यांचे थवे उतरतात, काही थेट सायबेरियाकडून आलेले. आपल्या तलावांच्या काठी थंडीत शेपूट हलवत धावणारा तुतवार आहे ना, तोही तिथे भेटेल.

मला सगळ्यात आवडतो तो पाला मासा. राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पूर आला की अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध नदीत शिरतो. तेलुगू लोक त्याला पुलसा म्हणतात. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी त्यांच्यात म्हणच आहे! ज्या पुराची तो वाट पाहतो, त्यात आपल्या पैनगंगेचंही पाणी असतं. धवळेश्वरमचा बंधारा मात्र त्याची वाट अडवतो.

“आबाजी, मग आपली माती अजून तिथे जाते का?” चांगलं विचारलंस. जाते, पण पूर्वीपेक्षा खूप कमी. वाटेत धरणं झाली, त्यांत गाळ अडकतो. शेतीला पाणी मिळालं, हे खरंच मोठं काम झालं. पण गाळाचा खुराक तुटल्यामुळे गोदावरीच्या मुखाशी किनारा ठिकठिकाणी मागे सरतोय. काकीनाड्यासमोर होप नावाचं वाळूचं लांबट बेट आहे. नदीने आणलेल्या वाळू-गाळातून ते गेल्या दोनेक शतकांत तयार झालं. वादळाची लाट ते आपल्या अंगावर घेतं, आणि समुद्रकासव तिथे अंडी घालायला येतं. असं बेट नदीने पुन्हा घडवायचं, तर तिच्याकडे माती पोचायला हवी.

पुढे कधी काकीनाड्याला गेलात, तर कोरिंगा अभयारण्यात लाकडी पुलावरून झाडांमधून चालता येतं. हिवाळ्यात जा, पाहुणे पक्षी तेव्हाच असतात. आणि वेळ ओहोटीची धरा. भरतीला गेलात तर नुसतं पाणी आणि हिरवे शेंडे दिसतील, निवटी, खेकडे आणि मुळांची बोटं सगळी पाण्याखाली. तिथल्या कोळ्याला विचारा, तो तिथीवरून वेळ सांगेल.