एकखांबी तंबू

१९ जुलै २०२४. हैदराबादच्या विमानतळावर इंडिगोचे कर्मचारी बोर्डिंग पास पेनने लिहून देत होते. प्रवाशाचं नाव, फ्लाइट नंबर, सीट, सगळं हातानं. त्या पासचा फोटो देशभर फिरला आणि लोकांनी त्याची मजा घेतली. मला मात्र तो या दीड वर्षातला सगळ्यात बोलका फोटो वाटतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरचे पडदे निळे झाले. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांपैकी हे एक टक्काही नव्हतं. पण ती यंत्रं विमानतळांवर, बँकांत, रुग्णालयांत होती. कंपनीनं दीड तासाच्या आत अपडेट मागे घेतलं, तरी बंद पडलेली यंत्रं आपोआप उठेनात. कुणीतरी प्रत्येक कॉम्प्युटरसमोर बसून, तो सेफ मोडमध्ये सुरू करून, एक फाइल काढून टाकायची, असा तो उपाय होता.

सगळा भार एकाच खांबावर आला की असं होतं. त्या दृष्टीनं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला एक आठवडा तर कात्रण काढून ठेवावा असा. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं जेट एअरवेजच्या अवसायनाचा आदेश दिला. १२ तारखेला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. १४ तारखेला रिलायन्स आणि डिस्ने यांचा टीव्ही-ओटीटीचा व्यवहार पूर्ण झाला. आयपीएल टीव्हीवर एकाकडे आणि मोबाइलवर दुसऱ्याकडे असायची, ती आता एकाच घरात आली. त्यातूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं. गो फर्स्ट या विमान कंपनीचाही कारभार जानेवारी २०२५ मध्ये अवसायनात गेला. प्रत्येक बातमीत गुंतवणूकदारांचं काय होणार हे सविस्तर होतं, प्रवाशाचं आणि प्रेक्षकाचं काय होणार हे शेवटच्या परिच्छेदात.

त्याचं उत्तर डिसेंबर २०२५ मध्ये मिळालं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम डीजीसीए या हवाई वाहतुकीच्या नियामकानं जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला आणि महिनाभरात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. भुवनेश्वरला अडकलेलं एक नवं जोडपं हुबळीतल्या स्वतःच्याच रिसेप्शनला व्हिडिओ कॉलवरून हजर राहिलं. त्यांच्या खुर्च्यांवर मुलीचे आई-वडील बसले होते. तिकिटांचे दर इतके भडकले, की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० च्या पुढे १८,००० रुपये.

त्या दिवसांत सगळं खापर नियमांवर फोडणाऱ्यांचा मला राग आला. रात्री दोन वाजता विमान उतरवणाऱ्या माणसाला झोप हवी, यात घासाघीस कसली? तयारीला जवळपास दोन वर्षं होती. पण देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक एकाच कंपनीच्या विमानात बसत असतील, तर त्या कंपनीची तयारी कच्ची राहिली की नियमच ढिले करावे लागतात. झालंही तसंच: इंडिगोला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. म्हणजे वैमानिकांची झोप पुन्हा लांबणीवर पडली.

२५ डिसेंबरला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. पनवेल-उरणकडच्या माणसाला आता अंधेरीची फरफट नको, याचा मला मनापासून आनंद आहे. तिथे उतरलेलं पहिलं प्रवासी विमान बंगळुरूहून आलेलं, इंडिगोचं होतं. विमानतळ अदानी समूह चालवतो, राज्य सरकारच्या सिडकोचा वाटा २६ टक्के. मुंबईचा जुना विमानतळही अदानी समूहाकडेच आहे. दोन विमानतळांची स्पर्धा होईल आणि भाडी उतरतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी दोन्हीकडचं प्रवासी शुल्क कोण मागतं आणि कोण मंजूर करतं, ते तपासावं. मी या वर्षी तेवढ्याच आकड्यावर नजर ठेवणार आहे.