राष्ट्राची पत राखणारा कर्जबाजारी

फेब्रुवारी १७९८ मध्ये फिलाडेल्फियातील कर्जदारांच्या तुरुंगात एक नवा कैदी दाखल झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवरही त्याची स्वाक्षरी होती. त्याचे नाव रॉबर्ट मॉरिस.

१७३४ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे जन्मलेले मॉरिस लहानपणीच अमेरिकेत आले. फिलाडेल्फियातील विलिंग यांच्या पेढीवर उमेदवारी करता करता १७५७ मध्ये ते तिचे भागीदार झाले. जहाजवाहतूक आणि आयात-निर्यातीने ही पेढी भरभराटीस आली. गुलामांच्या व्यापारातही तिचा हात होता.

१७७५ मध्ये मॉरिस कॉन्टिनेंटल काँग्रेसचे सदस्य झाले. २ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झाले, तेव्हा ब्रिटनशी फारकत घेण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे मानणारे मॉरिस मतदानापासून दूर राहिले. ऑगस्टमध्ये मात्र त्यांनी जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली.

त्यांची खरी कसोटी १७८१ मध्ये लागली. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता आणि तिचे कागदी चलन कवडीमोल झाले होते. अर्थ अधीक्षक या नात्याने मॉरिस यांनी स्वतःच्या सहीच्या हुंड्या काढल्या. सरकारवर विश्वास नसलेले व्यापारी या सहीवर विश्वास ठेवत. वॉशिंग्टन यांचे सैन्य यॉर्कटाउनकडे निघाले, तेव्हा सैनिकांच्या पगारासाठी मॉरिस यांनी फ्रेंच सेनापतीकडून नाणी उसनी घेतली. बँक ऑफ नॉर्थ अमेरिका ही बँकही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

१७८९ ते १७९५ या काळात ते पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर होते. मात्र ज्या पतीवर त्यांनी राष्ट्र तारले, तिच्याच भरवशावर त्यांनी लाखो एकर जमीन उधारीत घेतली. गिऱ्हाईक मिळाले नाही, युरोपातील युद्धांमुळे भांडवल आटले आणि सुमारे ३० लाख डॉलरचे कर्ज अंगावर आले. वॉशिंग्टन यांनी १७९८ मध्ये तुरुंगात जाऊन त्यांच्यासोबत भोजन केले. पण मैत्रीने कर्ज फिटत नव्हते.

अखेर काँग्रेसने १८०० मध्ये केलेल्या दिवाळखोरी कायद्यामुळे १८०१ मध्ये त्यांची सुटका झाली. १८०६ मध्ये त्यांचे निधन झाले. देशाच्या कर्जाला अनेकांचा आधार मिळतो, व्यक्तीच्या कर्जाला मिळत नाही. मॉरिस यांना हा फरक साडेतीन वर्षांच्या कैदेने शिकवला.