क्षारसूत्र : भगंदरावरील औषधी दोरा

घरच्या माणसांपासूनही लपविली जाणारी व्याधी म्हणून भगंदर, म्हणजे गुदद्वाराजवळची पू वाहणारी नाडी, ओळखला जातो. सुश्रुताने मात्र ज्या आठ विकारांना दुश्चिकित्स्य महागद म्हटले, त्यांत मूळव्याधीच्या जोडीला त्यालाही निःसंकोच स्थान दिले, आणि कृश, दुर्बळ व भित्र्या रोग्याची नाडी (पू वाहणारा मार्ग) शस्त्राने न चिरता क्षारसूत्राने छेदावी, असे चिकित्सास्थानात सांगून ठेवले. पुढे चक्रदत्ताने निवडुंगाचा चीक आणि हळद यांची पुटे दिलेला दोरा वर्णिला. मध्यंतरी मागे पडलेल्या या उपचाराला विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी शास्त्रशुद्ध रूप दिले.

हा दोरा सिद्ध करणे हे चिकाटीचे काम आहे. चौकटीवर ताणलेल्या 20 क्रमांकाच्या लिननच्या शस्त्रक्रिया-दोऱ्यावर प्रथम निवडुंगाच्या ताज्या चिकाचे 11 थर, नंतर चीक व आघाड्याचा क्षार यांचे 7, आणि अखेरीस चीक व हळद यांचे 3, असे एकूण 21 थर चढवितात. आधीचा पुरता वाळल्यावाचून पुढचा द्यायचा नाही, हा शिरस्ता. भाद्रपदात गणपतीच्या पत्रीसाठी आपण जो आघाडा खुडून आणतो, तोच येथे वाळवून जाळायचा, त्याची राख पाण्यात कालवून पुनःपुन्हा गाळायची आणि ते पाणी आटवून क्षार मिळवायचा. क्षार दूषित मांस झिजवितो, चीक त्या कामी साहाय्य करतो, हळद जंतूंना आवर घालून व्रण भरून आणते.

एषणीच्या (नाडीचा शोध घेणाऱ्या सळईच्या) साहाय्याने हा दोरा नाडीतून ओवून गुदमार्गाने बाहेर काढतात व त्याची गाठ बांधतात. दर आठवड्यास जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधून तो आत ओढून घेतात. आठवड्याला सुमारे एक सेंटिमीटर छेद पुढे सरकतो आणि मागची जखम भरत येते. म्हणूनच मलनियंत्रण करणारा स्नायू एकाएकी उघडा पडत नाही. या संथपणातच क्षारसूत्राचे खरे सामर्थ्य आहे, असे माझे मत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 1991 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीचा निकालही तेच सांगतो : क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेने 4, परंतु वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, तर शस्त्रक्रियेत 11 टक्के होते.

मात्र हे घरगुती औषध नव्हे. आघाड्याचा क्षार नि निवडुंगाचा चीक अजाण हाती निरोगी मांसही जाळतात. तेव्हा गुदद्वारी रक्त किंवा पू दिसताच, लाज बाजूस सारून, ‘मूळव्याध हमखास बरी’ अशा रस्त्यावरच्या पाट्यांच्या नादी न लागता, शल्यतंत्र शिकलेल्या वैद्याकडे अथवा शल्यचिकित्सकाकडे जाऊन आधी निदान करून घ्यावे.