अस्तराचं वेळापत्रक

मूल व्हावं म्हणून लिहून दिली जाणारी क्लोमिफीन आणि मूल नको म्हणून सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी ‘छाया’, या दोन्ही गोळ्या औषधशास्त्राच्या हिशेबात एकाच घरातल्या. दोन्ही पेशींमधली इस्ट्रोजेन या संप्रेरकाची जागा अडवतात. मग एकीने दिवस जातात आणि दुसरीने टळतात, हे कसं? संप्रेरक कुठे आणि कधी अडलं, यात त्याचं उत्तर आहे.

पाळीनंतर इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन ते गर्भ रुजण्याजोगं करतं. ही तयारी मोजकेच दिवस टिकते. अमेरिकेत ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून १९९९ मध्ये दाखवलं, की टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांत गर्भ स्त्रीबीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजला होता. त्यापुढे जितका उशीर, तितके गर्भ अधिक गळाले.

क्लोमिफीन पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस देतात. मेंदूला इस्ट्रोजेन कमी पडल्याचं भासतं आणि अंडाशयाला जास्त जोराचा आदेश सुटतो. मात्र हे औषध अंगात रेंगाळतं, त्यामुळे काहींचं अस्तर पातळ राहतं. त्याच कामासाठी दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलची तऱ्हा वेगळी: ते इस्ट्रोजेन तयार होणंच रोखतं, जागा अडवून बसत नाही, आणि लवकर उतरतं. पीसीओएस (स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा विकार) असलेल्या ७५० स्त्रियांवरच्या २०१४ च्या अमेरिकी चाचणीत लेट्रोझोलवर २७.५ टक्के, तर क्लोमिफीनवर १९.१ टक्के स्त्रियांना मूल झालं. हा सगळा फरक अस्तराचाच, असं म्हणणं मात्र घाईचं ठरेल. लेट्रोझोलवर स्त्रीबीजही अधिक वेळा सुटलं होतं.

‘छाया’मधलं सेंटक्रोमॅन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलं, १९९१ पासून ते ‘सहेली’ नावाने बाजारात आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा (पाळी बुधवारी आली तर बुधवारी आणि शनिवारी), पुढे दर आठवड्याला पहिल्या गोळीच्याच वारी ३० मिलिग्रॅमची एक गोळी. अंडाशयाचं काम बहुतांशी सुरूच राहतं, पण अस्तराची वाढ मागे पडते. गर्भ तयार होऊन आला तरी त्याचा आणि अस्तराचा मेळ बसत नाही.

मग हा गर्भपातच नव्हे का, असं कोणी विचारेल. वैद्यकशास्त्र गर्भ रुजल्यापासून गर्भधारणा मानतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही गर्भनिरोधकच. फलनापासूनच जीव मानणाऱ्या स्त्रीला हे उत्तर पुरेसं वाटणार नाही. तिला गोळीचं काम आडपडदा न ठेवता सांगावं आणि निर्णय तिच्यावर सोडावा. रुजलेल्या गर्भाला लागणारं प्रोजेस्टेरॉन अडवून गर्भपात घडवणारं मिफेप्रिस्टोन हे वेगळं औषध. संबंधानंतर तातडीने घ्यायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळीही वेगळी. तिचा भर स्त्रीबीज सुटणं लांबवण्यावर असतो, म्हणून ती उशिरा घेतली की फारशी उपयोगी पडत नाही.

अस्तर कायमचं बिघडेल ही भीती मात्र निराधार आहे. ‘छाया’ बंद केल्यावर ते पुन्हा वाढतं आणि दिवस जाऊ शकतात. गोळी सुरू असताना पाळी लांबणं नेहमीचंच. पण पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर गर्भ नसल्याची खात्री करून घ्या. पीसीओएस असेल किंवा अलीकडे कावीळ झाली असेल, तर ही गोळी घेऊ नका. डॉक्टरांकडून दुसरं साधन मागून घ्या.